चोपन्न पैशांचं गाव

सरकार सरकार म्हणून आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो, ते नेमकं बसतं कुठं? कुणी म्हणेल मुंबईला, मंत्रालयात. बरोबर आहे. मुंबईच्या खाली औरंगाबादचे आयुक्त, त्यांच्या खाली कलेक्टर, कलेक्टरच्या खाली प्रांत, प्रांताच्या खाली तहसीलदार, त्याच्या खाली गिरदावर आणि गिरदावराच्या खाली तलाठी. इथं येऊन माणसं थांबतात. चांगली शिकलीसवरलेलीसुद्धा थांबतात. पण तलाठी काय उन्हातान्हात पळतो का हो? त्याच्या खाली अजून एक जण असतो, तो पळतो. त्याला कोतवाल म्हणतात. मंत्रालयातून निघालेला हुकूम शेवटी त्याच्याच पायांनी गावात शिरतो. खडकउमरीत हे पाय केरबा सोनकांबळेचे होते.

खडकउमरी लातूर जिल्ह्याच्या पार टोकाला. शिवेवरचा ओढा ओलांडला की नांदेड जिल्हा लागतो. गावाचा बाजार लोह्याला, सोयरिकी कंधार-धर्माबादकडच्या, आणि कागद मात्र लातूरला. ब्याऐंशीच्या आधी तर कागद त्याहून लांब, उस्मानाबादला होते. तिकडं एकदा जाऊन यायचं म्हणजे तीन एसट्या आणि एक मुक्काम. साहेब जागेवर असला तर नशीब, नसला तर तसंच परत.

केरबाचा बाप ज्ञानोबा गावाची हलगी वाजवायचा. छप्पन्न साली धर्मांतर झालं आणि वस्तीनं एका बैठकीत ठरवलं, की मेलेलं ढोर ओढायचं नाही, दारोदार भाकर मागायची नाही, हलगी धरायची नाही. ज्ञानोबानं त्याच दिवशी हलगी खाली ठेवली. केरबा तेव्हा अठराचा होता. चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर वळणदार. पुढं सात-आठ वर्षांनी कोतवालाची जागा निघाली आणि त्यानं अर्ज केला, तेव्हा वस्तीतली म्हातारी माणसं त्याच्यावर लई भडकली. "बापानं सोडलेली गावकी लेकानं पुन्हा गळ्यात घेतली का?"

"गावकी न्हाई ती," केरबा म्हणाला. "गावकीत मानूस गावाचा अस्तो. ह्यात सरकारचा अस्तो. तहसीलदाराच्या सहीचा हुकूम हाय माज्याकडं."

हलगी मात्र त्यानंही धरली नाही. दवंडी द्यायची ती नुसत्या तोंडानं. सरपंच व्यंकटराव पाटलांनी सुरुवातीला कुरकुर केली, हलगीबिगर कसली दवंडी म्हणून. पण गड्याचा आवाज असा खणखणीत, की सारा भरा म्हणून इकडं ओरडला तर ओढ्यापलीकडची नांदेड जिल्ह्यातली माणसं दचकून उठायची. मग व्यंकटरावही गप्प बसले.

खरं सांगायचं तर कोतवाल हा पुरा सरकारी नोकरही नसतो. त्याला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. केरबाला हे माहीत होतं, पण त्याच्यासमोर कुणी हे बोललेलं त्याला खपायचं नाही. खाकी सदरा घातला, छातीवर पितळी बिल्ला लावला की तो स्वतःला सरकारच समजायचा. आणि का समजू नये? जन्ममृत्यूची खबर तो द्यायचा, नोटिसा तो बजवायचा, साहेब आला की त्याच्यापुढं वाट दाखवत तो चालायचा.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला. केरबानं चावडीपुढं उभं राहून गावाला सांगितलं, आता आपला कलेक्टर लातुरात बसणार, सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी. इतका खूश, की जणू जिल्हा त्यानंच डोक्यावरून वाहून आणला होता! घरी आला तर बायको सरजाबाई चुलीपुढून म्हणाली, "आवो, जिल्हा जवळ आला म्हून हिरीचं पानी वर आलं का?"

सरजाबाईची जीभ तशी तिखटच. पण हे ती उगाच बोलली नव्हती. वस्तीला एकच विहीर. पस्तीस हात खोल, कठडा नाही. मार्गशीर्ष सरला की दोर पुरायचा नाही. मग कुणीतरी आत उतरायचं, भिंतीत कोरलेल्या खोबणींत पाय रोवत रोवत. तळाच्या झऱ्यातलं पाणी वाटीनं बादलीत भरायचं, आणि वरच्या बायांनी ती बादली ओढून घ्यायची. हे उतरण्याचं काम सरजाबाईकडं. अंगानं काटकुळी, पाय खारीसारखे. लेक नीलाबाई धर्माबादला दिल्यापासून घरात दोघंच, दोघांना पाणी लागून किती लागणार? पण वस्तीत तीस घरं होती, आणि बाकीच्या बायांना खाली बघितलं की गरगरायचं. दर उन्हाळ्यात केरबा म्हणायचा, पुढच्या वर्षी टँकर आणतो. दर उन्हाळ्यात ती म्हणायची, आना.

चौऱ्याऐंशीला पाऊस कमी झाला. पंच्याऐंशीला त्यानं पाठच फिरवली. पोळ्यापर्यंत कसंबसं भुरभुरलं आणि मग आभाळ जे पुसून गेलं ते गेलंच.

आता दुष्काळ पडला हे तुम्हाआम्हाला दिसतं, पण सरकारला ते कागदावर दिसावं लागतं. त्याची एक रीत आहे. तिला पैसेवारी म्हणतात, जुनी माणसं आणेवारी म्हणायची. रुपयाभर पीक यायला हवं होतं, त्यातलं किती पैसे आलं, असा हिशेब. गिरदावरानं गावात यायचं, तलाठी, सरपंच आणि दोनचार शेतकरी यांची समिती घेऊन शिवारात जायचं. एक शेत भारी जमिनीचं, एक मध्यम, एक हलकं निवडायचं. प्रत्येकात दोरीनं चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, तोलायचं. सगळ्याचा मेळ घालून आकडा काढायचा. पन्नासच्या आत आला तर गाव टंचाईच्या यादीत. म्हणजे टँकर येणार, चारा मिळणार, सारा माफ. पन्नासच्या वर गेला तर गाव सुखी आहे असं समजायचं. बाया विहिरीत उतरेनात का मग!

ही सगळी रीत खडकउमरीत कुणाला पाठ असेल तर केरबाला. वीस-बावीस वर्षं कचेरीच्या दाराबाहेर उभं राहून राहून त्याचे कान तयार झाले होते. समितीतल्या शेतकऱ्यांना पन्नासचा नियम धड ठाऊक नव्हता. व्यंकटरावांना ठाऊक असेल, पण त्यांना माणसांत मिरवण्याचं भारी वेड.

त्या साली गिरदावर नवे आले होते, रेणुकादासराव. नांदेडचे, शिकलेल्या घरातले, चष्मेवाले, मऊ बोलण्याचे. ओढ्याच्या अलीकडं मोटरसायकल लावून ते चालत चावडीवर आले. कोतवालानं पुढं चालायचं या रिवाजाप्रमाणं केरबा पुढं झाला. चावडीच्या कोपऱ्यावर वाट दोन्हीकडं फुटते. डावीकडं व्यंकटरावांचा मळा, उजवीकडं माळरान. तिथं रेणुकादासराव थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोनकांबळे, सगळं शिवार तुमच्या पायाखालचं आहे. तुम्हीच सांगा, कुठलं शेत बघायचं?"

व्यंकटराव बाजूला, तलाठी बाजूला, शेतकरी बाजूला. आणि साहेब विचारतोय कोतवालाला!

केरबाला बावीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. ए कोतवाल, पाणी आण. केरब्या, घोडं धर. यापलीकडं त्याच्याशी कुणी साहेब बोललेला नव्हता. त्याचा ऊर भरून आला. आणि ऊर भरला की माणूस काय करतो? घरी पाहुणा आला की आपण फाटकी वाकळ पुढं करतो का? ठेवणीतली सतरंजी काढतो. केरबानंही गावातलं उत्तम ते काढलं. "हिकडं या साहेब," म्हणाला आणि डावीकडं वळला.

व्यंकटरावांचा मळा विहिरीखालचा. मोटारीच्या पाण्यावर ज्वारी छातीला लागत होती, कणसं भरलेली. बांधावर आंब्याची सावली, घोंगडी अंथरलेली. चहा आला. व्यंकटराव मिशीत हसत होते. "पंचक्रोशीत असं पीक दाखवा साहेब!" चौकोन आखला तेव्हा दोरीचं एक टोक केरबानंच धरलं. दुसरं शेत म्हणून मळ्याला लागूनच असलेलं त्यांच्या भावाचं आखलं. तेही त्याच पाण्यावरचं.

"हलक्या जमिनीचं एक राहिलं," रेणुकादासराव घड्याळ बघत म्हणाले. ऊन डोक्यावर आलं होतं, त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "माळ लांब आहे का हो?"

"लांब हाय साहेब. वाटंनं कुसळं हायत, काटं हायत. तुमच्या बुटाची दैना व्हईल."

खोटं नव्हतं. कळकळीनंच बोलला तो. साहेबाला त्रास होऊ नये, ज्यानं आपल्याला एवढं विचारलं त्याला तर नाहीच नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. माळावरची ज्वारी ढोपराएवढी वाढून वाळून गेली होती आणि ती बघितली असती तर आकडा खाली आला असता, हे त्याला जितकं कळत होतं तितकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. पण त्या घडीला त्याला ते आठवलंच नाही. काय करायचं सांगा! तिसऱ्या शेताचा आकडा अंदाजानं भरला गेला.

घरी येऊन त्यानं सरजाबाईला सगळं रंगवून सांगितलं. साहेबानं थांबून कसं विचारलं, सोनकांबळे म्हणून कशी हाक मारली, व्यंकटराव कसे बघत राहिले.

"मग काय दावलंत?" तिनं विचारलं.

"मळा."

"आन माळ?"

"माळावर काटं हायत की."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "टँकर मळ्याला लागतो का मानसाला?"

तेव्हा कुठं केरबाला पन्नासचा नियम आठवला. सकाळी उठून तलाठ्याकडं गेला, माळाचं शेत राहिलंय म्हणाला. तलाठ्यानं कागद पिशवीत भरत सांगितलं, "समितीच्या सह्या झाल्या बाबा. आता तुझं काय मध्येच?"

डिसेंबरात आकडे लागले. शेजारच्या गावांची नावं आणि पुढं एकेचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस. खडकउमरी चोपन्न. यादी चावडीवर केरबानंच डकवली, चारी कोपऱ्यांना खळ लावून.

फेब्रुवारीत ओढ्यापलीकडच्या गावाला टँकर यायला लागला. तो नांदेड जिल्ह्याचा. इकडच्या बाया घागरी घेऊन ओढा ओलांडून गेल्या, तर ड्रायव्हरनं हाकलून दिलं. "तुमी लातूरवाले. तुमच्या जिल्ह्याला मागा." पाणी गटारीतून वाहून गेलं तरी चालेल, पण ह्या जिल्ह्याचं त्या जिल्ह्याला जाता कामा नये!

केरबानं अर्ज लिहिला. वस्तीनं अंगठे दिले, व्यंकटरावांनीही सही केली, कारण आता त्यांची विहीरही खरवडली होती. अर्ज तलाठ्याला दिला, तलाठ्यानं गिरदावराकडं पाठवला, गिरदावरानं तहसीलीत. महिना झाला तरी हू की चू नाही. मग केरबा स्वतः लातूरला गेला, आपल्या नव्या जिल्ह्याला. भाड्याची इमारत, खुर्च्यांना पॉलिशचा वास, कारकून नवे, टेबलावर फायलींचा पसारा. पण कुणी वसकन अंगावर आलं नाही, हे सांगायलाच पाहिजे. एका बाईंनी बसायला सांगून अर्ज वाचला, शिक्का मारून पोच दिली. म्हणाल्या, "काका, अहवाल मागवावा लागेल."

अहवाल मागवला. कलेक्टर कचेरीतून प्रांताकडं, प्रांताकडून तहसीलदाराकडं, तिथून गिरदावराकडं, गिरदावराकडून तलाठ्याकडं. तलाठ्यानं दप्तरात बघितलं आणि जे लिहिलेलं होतं तेच लिहिलं. मग ते त्याच पायऱ्या चढून वर गेलं आणि उत्तर होऊन त्याच पायऱ्या उतरून खाली आलं. चैत्र लागला होता. तलाठ्यानं पाकीट केरबाच्या हातात दिलं, ग्रामपंचायतीला पोचव म्हणून. केरबानं वाटेत उघडून वाचलं. सदर गावाची पैसेवारी चोपन्न असल्याने टँकरची मागणी विचारात घेता येत नाही.

"आता?" सरजाबाईनं विचारलं.

"स्मरनपत्र लिवतो."

"लिवा," ती म्हणाली. तिनं त्याला एका शब्दानंही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं तो पुढं म्हणायचा. तेवढं एकच म्हणायचा.

स्मरणपत्र घेऊन तो तालुक्याला गेला त्या दिवशी सरजाबाई विहिरीत उतरली. सकाळचे आठ-नऊ वाजले असतील. सहा बादल्या वर आल्या. सातवीच्या वेळी वरच्या बायांनी हाक मारली, तर ती म्हणाली, झरा आटलाय, मी येते वर. निम्म्यावर आली होती. एक खोबण ढासळली. बायांनी एवढंच सांगितलं, आणि अजून काही सांगण्यासारखं नव्हतंही.

केरबा दुपारी एसटीतून उतरला तेव्हा शिवम्मा नावाची शेजारीण ओढ्यापाशी उभी होती. तिच्याकडं बघूनच त्याला कळलं. तो धावला नाही. नेहमीच्या चालीनं वस्तीत आला, सरजाबाईच्या तोंडावरचं लुगडं बाजूला करून बघितलं आणि परत ओढलं. मग उभा राहिला. गावात अपघाती मरण झालं की पोलीस ठाण्यात वर्दी कोतवालानं द्यायची असते. खाकी सदरा अंगात होताच. तो सहा मैल चालत गेला आणि वर्दी दिली.

जमादारानं लिहून घेतलं. मयताचं नाव, वय, खबर देणाराचं नाव. "मयताशी नातं?" जमादारानं विचारलं.

"नवरा."

जमादाराचं पेन थांबलं. "मग दुसऱ्या कुनाला धाडायचं व्हतं की, बाबा."

"दुसरा कोतवाल न्हाई गावाला," केरबा म्हणाला.

पंचनाम्याला विहिरीची खोली मोजली. टेपाचं एक टोक वर धरायला माणूस लागतो. ते केरबानं धरलं. पस्तीस हात नव्हे, एकोणचाळीस निघाली. त्याला काही वाटत नव्हतं. वाटेल वाटेल म्हणून तो वाट बघत होता, पण वाटत नव्हतं. धर्माबादहून नीलाबाई आली, गळ्यात पडून रडली, तेव्हाही तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि तिच्या चपलेचा अंगठा तुटलाय, तो शिवायला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. वस्तीनं वंदना घेतली. त्यानं बरोबर म्हटलं, एक शब्द चुकला नाही.

चौथ्या दिवशी टँकर आला.

हुकूम कलेक्टरचा, खास बाब म्हणून. सगळ्या पायऱ्या एका दिवसात उतरून आला, तारेनं. बघा! म्हणजे उतरता येतं. तलाठी वही घेऊन टँकरपाशी बसला. माणशी दोन घागरी. एकेका घराचं नाव घ्यायचं आणि माणसं किती ते विचारायचं. रांग धरायचं काम केरबाचं. त्याच्या घराचं नाव आलं तेव्हा तलाठ्यानं वहीतच बघत विचारलं. "केरबा, तुझी... किती लिवू?"

"येक."

दोन घागरी त्यानं घरी नेऊन ठेवल्या. त्यातली एकच संपायची. दुसरी शिवम्मा घेऊन जायची.

नीलाबाई म्हणाली, बा, चला धर्माबादला, हितं काय राहिलंय? तो म्हणाला, वरचा हुकूम असल्याबिगर गाव सोडता येत नाही. ती रागानं लाल झाली. "हुकूम! कुनाचा हुकूम? तुमास्नी सरकारी नोकर तरी धरत्यात का ते?" ज्या वाक्यावर तो बावीस वर्षं उसळायचा, त्यावर त्या दिवशी काहीच बोलला नाही. ती एकटीच गेली.

वैशाखात चौकशी लागली. बातमी एका पेपरात चार ओळींत आली होती, टँकर नाकारलेल्या गावात महिलेचा मृत्यू म्हणून. लातूरहून एक मोठे साहेब आले. शाळेच्या खोलीत बसले. समितीतल्या एकेकाला आत बोलावून जबाब घ्यायला लागले. दारावर केरबा. नाव आलं की पुकारायचं, माणूस आत सोडायचा, बाहेर आला की पाण्याचा तांब्या द्यायचा. तलाठी गेला, शेतकरी गेले, व्यंकटराव गेले. रेणुकादासराव साहेबांच्या शेजारीच फाईल घेऊन बसले होते. चष्म्यामागं डोळे ओढलेले, माणूस महिनाभरात वाळून गेला होता.

सगळे झाले आणि साहेब कागद आवरायला लागले, तेव्हा केरबा आत आला.

"साहेब, माजा जबाब ऱ्हायला."

साहेबांनी यादी बघितली. "तुमचं नाव नाही यात. तुम्ही मयताचे पती ना? तुमचा जबाब पोलिसांनी घेतलाय."

"त्यो मरनाचा. ह्यो पैसेवारीचा हाय. शेत म्या दावलं साहेब. समितीनं न्हाई. मला पन्नासचा नेम ठावूक व्हता, आन तरीबी म्या मळा दावला. माळ लांब हाय म्हनलो. ते लिवून घ्या."

साहेबांनी रेणुकादासरावांकडं बघितलं.

खरं सांगितलं असतं तर रेणुकादासरावांची नोकरी गेली असती. तिसरं शेत न बघता भरलं होतं त्यांनी. घरी लेकरंबाळं होती, आई आजारी होती. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. ते फाईलमध्ये बघत म्हणाले, "शेतं समितीनंच निवडली साहेब. तिन्ही. कोतवालाला कोण विचारतं?"

"तुमी इच्यारलंत की," केरबा म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखादी विसरलेली गोष्ट आठवून द्यावी तसा म्हणाला. "चावडीच्या कोपऱ्याला. चष्मा पुसून."

"दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या," रेणुकादासराव साहेबांना म्हणाले.

साहेब भले गृहस्थ होते. उठून केरबाजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघा, कोतवाल समितीचा सभासद नसतो. कायद्यानं तुम्ही शेत दाखवूच शकत नाही. तेव्हा तुमच्यावर काही येत नाही. मनाला लावून घेऊ नका. घरी जा."

केरबा घरी गेला नाही. साहेबांची गाडी ओढ्यापर्यंत पोचवायची होती. ती पोचवली.

पाऊस पडला, टँकर बंद झाला. दिवाळीच्या आसपास चौकशीचा निकाल आला. कलेक्टर कचेरीतून प्रांत, तहसील, गिरदावर, तलाठी. एक प्रत मयताच्या वारसाला द्यायची होती. तलाठ्यानं पाकीट हातात घेतलं, वरचं नाव वाचलं आणि बराच वेळ पुढं केलंच नाही.

"वाचून दावा," केरबा म्हणाला.

तलाठ्यानं वाचलं. पैसेवारीकरिता शेतांची निवड समितीने नियमानुसार केलेली आहे. सदर घटनेत कोणाचाही दोष आढळून येत नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

"माजं नाव कुठं हाय ह्यात?"

"न्हाई. सुटलास तू," तलाठी म्हणाला. त्याला बिचाऱ्याला हे बरंच वाटलं होतं. "सगळेच सुटले."

"हाव," केरबा म्हणाला.

पोच घ्यावी लागते. कागदाच्या तळाशी दोन जागा असतात. डावीकडं नोटीस बजावणाऱ्या कोतवालाची सही, उजवीकडं ती मिळाल्याबद्दल वारसाची. तलाठ्यानं त्याच्याकडं पेन दिलं आणि तोंड खिडकीकडं वळवलं. केरबानं डावीकडं सही केली. मग उजवीकडं केली. वळणदार अक्षर, दोन्हीकडं सारखंच. तारीख घातली, कागद तलाठ्याला परत दिला आणि विचारलं, "अजून कुनाला काय द्यायचं हाय का?"